धूळ ओढणाऱ्या यंत्राचा वास

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात आम्ही एलातला राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. मुंबईहून ज्यूंच्या ह्या नव्या देशात आल्यावर किर्यात मलाखीत वर्षभर काढलं होतं, पण तिथं ह्यांच्या हाताजोगतं काम मिळेना. मुंबईत हे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि इथं त्यांना संत्र्यांच्या बागेत पाठवत. मग कोणीतरी सांगितलं, की एलातच्या वर डोंगरात तांब्याची खाण आहे, तिथं यंत्रं सांभाळायला माणसं हवीत. ह्यांनी लगेच हो म्हणून टाकलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की तिथं समुद्र आहे का. आहे म्हटल्यावर त्या उठून भांडी पोत्यात भरायला लागल्या. मुरुडकडच्या त्या, समुद्राशिवाय त्यांना गाव गाव वाटत नसे.

समुद्र होता, निळाशार होता, पण बाकी सगळा कोरडा ठणठणाट. डोंगर भाजलेल्या विटांसारखे. ओला टॉवेल वाळत घालावा आणि वळून बघावं तर तो पापडासारखा ताठ झालेला. घराघरात फरशीच होती. पाणी ओतायचं आणि लांब दांड्याच्या रबरी फळीनं ते दाराबाहेर लोटायचं, झाली सफाई. केरसुणीला तिथं फारसा मान नव्हता.

मला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खोल्या साफ करायचं काम मिळालं. तिथं माझ्यासोबत आपल्यातलीच एक बाई होती. वयानं माझ्या आईएवढी, विधवा, गाव रेवदंड्याजवळचं. मी तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आले. तिचा मुलगा अश्दोदला बंदराच्या बांधकामावर होता. तो बोलावत होता, पण सुनेच्या संसारात आपण कशाला, म्हणून ती एलातला एका खोलीत एकटी राहायची. बुटकी, काटक बाई. पलंगावरची चादर अशी ओढायची, की तिच्यावर सुरकुती शोधून सापडू नये.

आमच्यावर एक मुकादमीण होती. रुमानियाहून आलेली, उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळे तिला गव्हेरेत म्हणत, म्हणजे बाईसाहेब. हिब्रूत आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' असं वेगळं नाही. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना एकच 'तू'. सुरुवातीला तिच्याशी बोलताना माझी जीभ अडखळायची. आपल्यापेक्षा मोठ्या बाईला अरेतुरे केल्यासारखं वाटायचं.

हॉटेलातल्या चांगल्या खोल्यांत गालिचे होते. युरोपातले पाहुणे हिवाळ्यात ऊन खायला येत, त्यांच्यासाठी. आणि गालिच्यांसाठी होतं एक व्हॅक्यूम क्लीनर. हिब्रूत त्याला शोएव आवाक म्हणतात. आवाक म्हणजे धूळ, आणि शोएव म्हणजे विहिरीतून पाणी शेंदावं तसं ओढून घेणारा. मला ते नाव फार आवडलं होतं. यंत्र परदेशी बनावटीचं, लांबट पिंपासारखं, खाली पट्ट्या, त्यावर ते मांजरासारखं आपल्या मागेमागे सरकत यायचं. मावशीला आधी त्याची भीती वाटायची. नंतर ती त्याच्याशी बोलायला लागली. सोंड वळवताना म्हणायची, 'चल रे बाबा, पलंगाखाली.' गालिच्याच्या खोल्या आम्हा दोघींकडेच होत्या, कारण आमचं काम स्वच्छ म्हणून गव्हेरेतनंच त्या आम्हाला दिल्या होत्या.

हिवाळ्याची पाहुण्यांची गर्दी सुरू झाली आणि तक्रारी यायला लागल्या. खोलीत वास येतो म्हणे. सकाळी येत नाही, आधी येत नाही, खोली साफ करून आम्ही गेलो की येतो. एका जोडप्यानं खोली बदलून घेतली. दुसऱ्या एका बाईनं मॅनेजरला खोलीत नेऊन उभं केलं. वास आम्हालाही यायचा, नाही असं नाही. पण आम्हाला वाटायचं, पाहुण्यांनीच काहीतरी ओलं, समुद्रातलं आणून ठेवलं असेल. शिंपले, प्रवाळाचे तुकडे, गोगलगायी काय वाटेल ते आणून ते गालिच्यावर वाळत टाकत.

एके दिवशी दुपारी गव्हेरेतनं आम्हा दोघींना चादरींच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. ती कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाली, की पाहुणे तक्रार करतात, मॅनेजर माझ्याकडे बघतो. तुम्ही केसांना तेल लावता ते बंद करा. डब्यात मसाल्याची मासळी आणू नका. केस रोज धुवा, कपडे रोज बदला.

मावशीची हिब्रू बाजारापुरती. तिनं माझ्याकडे बघितलं. 'काय म्हणते ती?'

मी म्हटलं, 'खोल्यांना वास येतो म्हणते.'

'खोल्यांना की आपल्याला?'

मी चादरींच्या गठ्ठ्यांकडे बघायला लागले. मावशीला ते तेवढ्यातच समजलं. तिनं गव्हेरेतकडे मान हलवून 'बरं' असं दाखवलं आणि आम्ही बाहेर आलो.

कपडे धुवायच्या जागेपाशी आल्यावर ती थांबली. मग म्हणाली, 'माझ्या आजाचा घाणा होता. अख्खं गाव आमचं तेल डोक्याला लावायचं. शनवार तेली म्हणायचे आम्हाला, शनवारी घाणा बंद म्हणून. आणि इथं येऊन मी तेलानं घाण झाले.'

तेलाची गोष्ट आम्हा सगळ्यांना लागू होती. शनवार तेली हे आमच्या घराण्यांचं नावच होतं. कोकणात बाकी सगळं विसरलो, सण विसरलो, मंत्र विसरलो, पण शनिवार आणि तेल धरून राहिलो. म्हणून तर कोणीतरी आम्हाला ज्यू म्हणून ओळखलं आणि आम्ही इथवर पोचलो. हे सगळं त्या बाईला हिब्रूत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. आलं असतं तरी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. नोकरीची गरज होती.

घरी येऊन मी कपड्यांच्या साबणानं डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशीही धुतलं. त्या कोरड्या हवेत माझ्या डोक्याची कातडी पांढरी होऊन निघायला लागली. डब्यात नुसता पाव आणि काकडी. बसमध्ये कोणी शेजारी बसलं की मी खिडकीकडे सरकायची. ह्यांना विचारलं, माझ्या अंगाला वास येतो का. हे म्हणाले, खाणीतून आल्यावर मला तांब्याशिवाय कसलाच वास कळत नाही. चेष्टेनं म्हणाले, पण मला रडू आलं, आणि मग घाबरून त्यांनी सगळं विचारून घेतलं.

सासूबाई ऐकत होत्या. मुंबईत त्यांनी इस्पितळात आयाचं काम केलेलं. त्यांनी मला जवळ बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हुंगलं, लहान मुलाचं हुंगतात तसं. म्हणाल्या, 'कपड्यांच्या साबणाचा वास येतो. दुसरा काही नाही.' आणि तेलाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. मी ती घेतली नाही. त्यांनी आग्रह केला नाही, पण बाटली तिथंच राहू दिली.

मावशी मात्र टिकली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी ती कामावर आली ती साडी नेसून, हॉटेलचा झगा घडी करून हातात घेऊन. तो तिनं धुऊन इस्त्री केला होता. तिनं तो गव्हेरेतच्या टेबलावर ठेवला. मला म्हणाली, 'मी मुलाकडे जाते. तुला अजून संसार करायचाय, तू टिक.' मी तिला बसपर्यंत पोचवायला जाऊ शकले नाही, ड्युटी होती. वरच्या गॅलरीतून पाहिलं, ती पत्र्याची पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेत रस्त्यानं चालली होती.

गालिच्याच्या सगळ्या खोल्या माझ्या एकटीवर आल्या. वास काही गेला नाही. गव्हेरेत मला काही बोलेना, पण मी खोलीतून निघाले की ती पाठोपाठ शिरायची आणि खिडक्या उघडायची. तो खिडक्यांचा आवाज मला मागून ऐकू यायचा.

मग एक दिवस यंत्रच बंद पडलं. चालता चालता आतून करकर आवाज आला, ठिणगी उडाली आणि ते गप्प झालं. मला वाटलं, आता हेही माझ्यावर येणार. पण यंत्रं बंद पडतातच, गव्हेरेत त्याबद्दल काही म्हणाली नाही. एलातला ते दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. एका ट्रकवाल्याच्या हाती ते बीर शेवाला पाठवलं. तोवर आम्ही गालिचे गुंडाळून गॅलरीत न्यायचो, कठड्यावर टाकून बडवायचो आणि ब्रशनं घासायचो. हात भरून यायचे. मला ते काम बरं वाटायचं, कारण वारा असायचा.

त्या दिवसांत एकही तक्रार आली नाही. माझ्या लक्षात आलं नाही, खरं सांगते. मी माझी माझी चूपचाप काम करत होते. लक्षात आलं ते गव्हेरेतच्या. ती माझ्यामागून खोलीत शिरायची, पण आता खिडक्या उघडल्याचा आवाज येईना. एकदा मी विसरलेला टॉवेल घ्यायला परत गेले तर ती बंद खोलीत मधोमध उभी होती, डोळे मिटून, श्वास घेत. मला बघून ती निघून गेली.

यंत्र परत आलं, मोटर चालती करून, बाकी काही न बघता. त्याच दिवशी तिनं मला चादरींच्या खोलीत बोलावलं.  तिनं दार लावलं, खिडकी लावली, यंत्राची वायर भिंतीत खोचली आणि बटण दाबलं. ते घुंघुं करायला लागलं. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या. आधी काहीच नाही. मग यंत्र तापलं, त्याच्या मागच्या जाळीतून गरम हवा यायला लागली, आणि त्या हवेबरोबर तो वास आला. मासळी धुतलेलं पाणी उन्हात ठेवून विसरावं, त्यात बुरशी लागलेली चिंधी पडावी, तसा. छोटी खोली भरून गेली.

गव्हेरेतनं बटण बंद केलं. चादरींच्या गठ्ठ्यावर ती खाली बसली. मी तिला कधी कामावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

'यंत्र होतं,' ती म्हणाली.

मी वायर भिंतीतून काढली. मला आनंद झाला का? झाला असावा. पण त्या वेळी ती वायर गुंडाळत राहिले तेवढंच आठवतं.

मग तिनं विचारलं, 'ती दुसरी बाई कुठे गेली?'

मी म्हटलं, अश्दोदला, मुलाकडे. तिनं मान हलवली आणि उठून खिडकी उघडली.

यंत्र साफ करायचं ठरलं, पण कसं ते दोघींनाही माहीत नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई तर वाटच बघत असल्यासारख्या सुरू झाल्या. वासावर अत्तर शिंपडू नका, म्हणाल्या, दोन वास होतील. आधी घाण काढायची, मग धुवायचं, मग ऊन. खडखडीत वाळल्याशिवाय परत जोडायचं नाही. ह्यांनी हत्यारांची पेटी काढली आणि म्हणाले, मंगळवारी माझी पाळीची सुट्टी आहे, तेव्हा येतो.

हॉटेलच्या मागे स्वैपाकघराच्या बाजूला मोकळी जागा होती. तिथं आम्ही यंत्र उघडलं. गव्हेरेत बाह्या वर करून आली. मला वाटलं उभी राहून बघेल, पण ती उकिडवी बसली आणि आतली कापडी पिशवी तिनंच बाहेर ओढली. कागदावर उलटी केली. राखाडी लोकरीसारखा गोळा पडला. त्यात वाळू, केस, आणि कितीतरी छोटे शंख. पाहुण्यांच्या वाळत टाकलेल्या शंखांतून गळालेले, पलंगाखाली गेलेले. त्यातले काही रिकामे नव्हते. आत जीव होता तो कधीच मरून सडला होता. समुद्रावरून आलेली ओली वाळू आत जाऊन बसली होती आणि पिशवी आतून काळी पडली होती. पिशवी वेळच्या वेळी झटकायची असते, पण आधीच्या कोणी कधी झटकली नसावी, आणि आम्हाला तर ती उघडते हेच कोणी दाखवलं नव्हतं.

पिशवी आम्ही गरम पाण्यात साबण घालून धुतली, पाणी बदलून परत धुतली, मग सिरका घातलेल्या पाण्यात भिजत ठेवली. सोंडेतून दोरी ओवली, दोरीला चिंधी बांधली आणि ह्या टोकाला मी, त्या टोकाला गव्हेरेत, अशी ती चिंधी इकडून तिकडे ओढत राहिलो. प्रत्येक वेळी ती काळी होऊन बाहेर यायची. मग दोन्ही वस्तू उन्हात. एलातच्या उन्हाला मी तोवर नावंच ठेवत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्या बाजूनं होतं. संध्याकाळच्या आत पिशवी टणक वाळली.

आम्ही सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि वाट बघितली. यंत्र तापलं आणि वास पुन्हा आला. कमी होता, पण तोच होता.

गव्हेरेत रुमानियन भाषेत काहीतरी पुटपुटली. मी तर खालीच बसले. वाटलं, हे काही जायचं नाही, आणि ह्याच्या जोडीनं आपल्यावरचा तो ठपकाही कुठंतरी शिल्लक राहणार. हे मात्र शांतपणे म्हणाले, 'वास तापल्यावर येतो, म्हणजे मोटरीपाशी काहीतरी आहे.' त्यांनी मागचे स्क्रू काढले. मोटरीच्या पुढे जाड लोकरीची एक गोल गादी होती, पिशवीतून निसटलेली धूळ अडवायला. ती ओली होऊन, सुकून, परत ओली होऊन हिरवी-काळी झालेली. हात लावला तर चुरा झाला. म्हणजे इतके दिवस हवा ह्या गादीतून जात होती, तापत होती आणि खोलीभर पसरत होती. आम्ही जितकं मन लावून साफ करायचो तितकी खोली घाण व्हायची.

तशी गादी मिळेना. बीर शेवाहून मागवावी लागली असती. गव्हेरेत आत गेली आणि एक जुना जाड लोकरीचा कोट घेऊन आली. तिचा स्वतःचा. म्हणाली, एलातमध्ये ह्याचा काय उपयोग. ह्यांनी गादीच्या मापानं कोटाचं कापड कापलं, दुहेरी करून बसवलं. मोटरीभोवतालची धूळ ब्रशनं काढली, पत्रा सिरक्याच्या फडक्यानं पुसला. सगळं उघडंच वाऱ्यावर ठेवून आम्ही त्या दिवशी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला पुडी बांधून दिली. तिच्यात लवंगा होत्या. शनिवार मावळताना आम्ही ज्यांचा वास घेतो त्यातल्याच मूठभर. म्हणाल्या, आता घाण गेलीय, आता चालेल. मी त्या लवंगा जमिनीवर टाकल्या आणि यंत्राच्या सोंडेनं ओढून घेतल्या. टकटक आवाज करत त्या आत गेल्या. आम्ही चादरींच्या खोलीचं दार लावलं, खिडकी लावली आणि यंत्र चालू ठेवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. गरम हवा आली. तिला थोडा लवंगेचा आणि थोडा जुन्या लोकरीचा वास होता.

गव्हेरेतनं मॅनेजरला बोलावून आणलं. मी बाजूला उभी. तिनं त्याला सांगितलं, की दोष यंत्राचा होता, ह्या बायकांचा नव्हता, आणि तू हे पाहुण्यांना सांगितलं नाहीस तरी चालेल, पण हॉटेलातल्या प्रत्येक कामगाराला मी सांगणार आहे. आणि तिनं खरोखर सांगितलं. जेवणाच्या खोलीत, सगळे बसलेले असताना, उभं राहून.

त्या रात्री मी तेलाची बाटली उघडली. सासूबाईंनी माझ्या डोक्याला तेल थापलं, इतकं की उशीला टॉवेल घालावा लागला.

आठवड्याभरात गव्हेरेत मला म्हणाली, 'मी अश्दोदला जाणार आहे. मला तिची भाषा येत नाही. तू चल.'

पेसाहचा सण जवळ आला होता. आपल्याकडं त्याला अनाशी ढाकाचा सण म्हणत, म्हणजे आंबटाचं मडकं झाकून ठेवायचा. हॉटेलात त्याआधीची साफसफाई सुरू व्हायची होती, ती सुरू झाल्यावर कोणालाच सुट्टी मिळाली नसती. आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. एलातहून वर जाणारा तो रस्ता लांब, दोन्ही बाजूंना काही नाही.  मग वाटेत बस थांबली, आम्ही चहा घेतला, आणि परत बसल्यावर ती आपणहून सांगायला लागली. ती इथं जहाजानं आली तेव्हा बंदरावर सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि कपड्यांच्या आत, केसांत पांढरी पावडर फवारली. उवा मारायची. ती तेव्हा शाळेत शिकवणारी बाई होती, तिच्या हातात पुस्तकांची पेटी होती. पावडर फवारणारा मुलगा तिच्याकडे न बघता म्हणाला, पुढची. 'त्या पावडरीचा वास माझ्या नाकातून कितीतरी दिवस गेला नाही,' ती म्हणाली. 'आणि मीच तुम्हाला केस धुवा म्हणाले.'

 माझ्याजवळ संत्रं होतं, ते सोलून मी अर्धं तिला दिलं.

अश्दोद तेव्हा वाळूतून वर येत होतं. एका बाजूला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला एकसारख्या नव्या चाळी, सरकारनं बांधलेल्या, प्रत्येकीला पांढरा चुना. मावशीचा मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा. जिन्यातच आमसुलाचा वास आला आणि मला एकदम भूक लागली. दार मावशीनंच उघडलं. मला बघून तिचा चेहरा फुलला. मग माझ्यामागची गव्हेरेत दिसली. मावशी दारात तशीच उभी राहिली.

गव्हेरेत आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून तिनं बोलायला सुरुवात केली, आणि मी एकेक वाक्य मराठीत करायला लागले.

ती म्हणाली ते मी असं सांगितलं: 'तो वास यंत्राचा होता. मी तुम्हाला म्हणाले की तुमचा आहे. न तपासता म्हणाले. ते चूक होतं, आणि ते सांगायला मी आले.'

तिनं हिब्रूत म्हटलं होतं 'तू'. मी 'तुम्ही' केलं. कारण मला माहीत होतं, तिच्या मनात तेच होतं. तिच्या भाषेत फक्त त्याला वेगळा शब्द नव्हता.

मावशी ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.  मग ती मला म्हणाली, 'विचार तिला, यंत्र साफ झालं का.'

मी विचारलं. गव्हेरेतनं सगळं सांगितलं: शंख, काळी पिशवी, गादी, कोट. मी ते भाषांतर करता करता मावशीच्या चेहऱ्यावर तो कामातला भाव आला, चादर ओढताना यायचा तो. तिनं मधेच विचारलं, सोंड आतून पुसली का, वाळल्यावर जोडलं का. सगळी उत्तरं पटल्यावर ती दारातून बाजूला झाली.

'जेवायला बस म्हणावं,' ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मासळीचं कालवण केलं होतं, आमसूल आणि सुक्या खोबऱ्याचं. ओला नारळ तिथं कुठून मिळणार. गव्हेरेत घामाघूम झाली, नाक पुसत राहिली, पण तिनं दुसऱ्यांदा भात घेतला. मावशी तिच्यासमोर बसून बघत होती. तिच्या ताटातलं कालवण संपायला आलं की न विचारता वाढत होती.

मावशी परत येईल, असं मी बसमध्ये धरूनच चालले होते. गव्हेरेतनंही तेच विचारलं. जागा तुझीच आहे, म्हणाली. मावशी हसली. तिला चाळीच्या खालीच, लहान मुलांच्या शाळेच्या स्वैपाकघरात काम मिळालं होतं. मुलं तिला सावता म्हणत होती, म्हणजे आजी. सूनही वाईट नव्हती, तिच्या धसक्यानं उगीच इतके दिवस एलातला काढले, असं ती सुनेदेखतच म्हणाली, आणि सून भाकरी थापता थापता हसली. मला वाईट वाटलं. पण तिच्याकडे बघून ते फार वेळ टिकलं नाही. एलातला मी तिला असं पाय पसरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. गव्हेरेतला पलंग दिला, आम्ही बाकीच्या खाली. सकाळी निघताना मावशीनं मला आमसुलं दिली, आणि गव्हेरेतच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. खोबरेल. मला म्हणाली, 'सांग तिला, तिचे केस फार कोरडे झालेत. रात्री लावून झोपायचं.' मी सांगितलं. गव्हेरेतनं बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. तिनं ते लावलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात हॉटेलाला नवा भाग जोडला आणि आणखी माणसं घेतली. त्यात देशाच्या दक्षिणेकडच्या नव्या गावांतून आलेल्या आपल्या मुली होत्या, मोरोक्कोच्या होत्या, एक तुर्कस्तानची. गव्हेरेतनं त्यांना माझ्याकडे सोपवलं. दर शुक्रवारी सकाळी मी त्यांना घेऊन मागच्या मोकळ्या जागेत बसायची आणि आम्ही यंत्रं उघडायचो. आता ती तीन झाली होती. पिशवी झटका, उलटी करा, हुंगा. हुंगायला त्या आधी लाजायच्या.

चौसष्ट साली त्यांतल्या एका मुलीनं मला विचारलं, की एलातला राहायला कसं वाटतं. किर्यात मलाखीहून नुकतीच आलेली, मुंबईची, बोलता बोलता हिब्रूत शिरणारी. मला तेव्हा पाचवा महिना होता. मी म्हटलं, उन्हाळा एक काढ, मग मलाच सांग. ती हसली, आणि वाळत घातलेल्या मोठ्या चादरीचं दुसरं टोक तिनं धरलं. आम्ही ती वाऱ्यावर ताणली, झटकली आणि घडी घालत एकमेकींकडे चालत आलो.